तळ्यावर गेली आहे

रिक्षावाल्याने आईला दारात आणून सोडलं तेव्हा आमची जेवणं अडून राहिली होती. ती सकाळी भाजीला म्हणून बाहेर पडली होती. पिशवीतल्या मेथीच्या जुड्यांनी उन्हाने माना टाकल्या होत्या. आई मात्र ताठ होती.

"पावणं, आजी रस्ता चुकल्यात," रिक्षावाला आवाज उतरवून म्हणाला. "चौकात हुब्या हुत्या. येईल त्याला इचारत हुत्या, चिंच कुठं गेली म्हणून. मी म्हटलं चिंच मंडईत मिळंल, तर माझ्यावरच वरडल्या."

"मी चुकलो न्हाय," आई आतून म्हणाली. "चिंच चुकली."

रिक्षावाला माझ्याकडे बघून कीव आल्यासारखं हसला आणि गेला. त्याचं ते हसू मला महिनाभर छळत होतं.

हे सत्त्याण्णव सालच्या संक्रांतीनंतरचं. शाहूपुरीत राहायला येऊन आम्हाला तेव्हा चार वर्षं झाली होती. त्याआधी आम्ही वारणानगरला कामगार वसाहतीत होतो. साखर कारखान्याच्या स्टोअरमध्ये साठा सांभाळणं हे माझं काम. मुलं कॉलेजात गेली म्हणून बिऱ्हाड कोल्हापुरात हलवलं आणि मी एस.टी.ने कामावर जाऊ-येऊ लागलो. त्याच सुमाराला वडील गेले आणि आई कागलजवळच्या आमच्या गावाहून आमच्याकडे आली. घरात कोल्हापूर सगळ्यांना नवीन होतं, एक तिला सोडून. ती इथल्याच एका जुन्या पेठेत जन्मलेली. सोळाव्या वर्षी लग्न होऊन गावी गेली, ती पन्नासएक वर्षांनी परत आली. माहेरचं घर केव्हाच विकलं गेलं होतं, भाऊ पांगले होते. तरी ती रोज सकाळी एकटी पेठेकडे चक्कर मारून यायची. कुठं गेली होतीस, म्हटलं की उत्तर ठरलेलं, "तळ्यावर गेलतो."

आम्ही समजायचो, रंकाळ्यावर. आमच्या घरापासून रंकाळा तेवढ्या वेळात पायी जाऊन येण्यासारखा नाही, एवढा साधा हिशेब कुणी केला नव्हता.

रिक्षावाल्याचं निमित्त झालं आणि आधीच्या बारीकसारीक गोष्टी एकदम मोठ्या दिसू लागल्या. आमटीत मीठ दोनदा पडलं होतं. दाराजवळच्या खुंटीवर माझा रेनकोट टांगलेला असायचा, त्याला आई एका संध्याकाळी "बसा की पावणं, हुबं का?" म्हणाली होती. तेव्हा सगळे हसलो होतो. आता बायको म्हणाली, "तेव्हाच ओळखायला हवं होतं."

मी आईला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर तरुण होते, मराठवाड्यातले, कोल्हापुरात येऊन वर्ष झालं नव्हतं. अत्यंत सौम्य माणूस. इकडच्या बायकांसारखं आईचं पुरुषी "मी येतो, मी जातो" हे बोलणंसुद्धा त्यांना नवं होतं.

"आजी, आज वार कोणता?"

"मंगळवार. बाजार भरलाय की भाईर तुमच्या, खुर्च्या पुरंनात."

"सकाळी फिरायला कुठे जाता?"

"तळ्यावर."

"रंकाळ्यावर?"

"रंकाळा कशाला? आमच्या पेठेतल्या तळ्यावर. आता तितं पोरं फुटबॉल खेळत्यात."

डॉक्टरांनी लिहिणं थांबवलं. "तळ्यात फुटबॉल खेळतात?"

"मग! लई खेळत्यात. परवा एकाचा पाय मोडला."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. नंतर आईला बाहेर बसवून त्यांनी मला सरळ सांगितलं, की विसरण्याचा आजार असू शकतो आणि तो असला तर वाढत जातो. पण एका भेटीत शिक्का मारायचा नाही. "मी या गावचा नाही. त्या सांगतात त्यातलं किती खरं आणि किती मनातलं, हे मला कळणार नाही. तुम्ही त्यांच्याबरोबर हिंडा आणि मला सांगा. तोवर एकट्यांना सोडू नका."

दादा, माझा मोठा भाऊ, पुण्याला असतो. त्याला फोन केला तर तो म्हणाला, "मुलांच्या परीक्षा संपल्या की मी येऊन आईला घेऊन जातो. आमचा ब्लॉक तिसऱ्या मजल्यावर आहे. दाराला कडी लावली की काळजी नाही."

तो वाईट हेतूने बोलला नव्हता. पण जिनं आयुष्यात दुपारी दार लावून घेतलं नाही, तिला कडीच्या आत ठेवायचं, हे मला पटेना. माझ्या फोनवरच्या बोलण्यावरून आईला हे कळलं होतं. दारात काढायच्या चपला ती त्या दिवसापासून आत आणून कॉटखाली ठेवू लागली.

आमच्या स्टोअरचा एक नियम आहे. कागदावर काहीही असो, जागेवर जाऊन, मालाला हात लावून पाहिल्याशिवाय साठ्यावर सही करायची नाही. मी ठरवलं, आईच्या डोक्यातल्या पेठेचीही तशीच तपासणी करायची. ती जे जे आहे म्हणते ते आहे की नाही, निदान होतं की नाही, हे जागेवर जाऊन बघायचं. दादाकडून मी परीक्षा संपेपर्यंतची मुदत मागून घेतली.

पहिल्या रविवारी मी सायकल बाहेर काढली. जाताना दोघांनी चालायचं, मी सायकल हातात धरायची आणि येताना आई कॅरिअरवर, असा बेत. तिला काही सांगितलं नव्हतं, पण ती पायरी उतरतानाच म्हणाली, "माझा साठा मोजायला आलाईस व्हय?"

"फिरायला आलोय."

"मोज मोज. घट निघाली तर मला सांग."

बिंदू चौकात जुन्या तटबंदीचा तुकडा उभा आहे. मी रोज त्याच्या शेजारून जायचो. भिंत एवढीच नोंद माझ्या डोक्यात होती. आईने दगडावर हात ठेवला आणि म्हणाली, "हितनं आत गाव. भाईर रान. भाईर जायचं म्हंजे चप्पल घालून जायचं, आत अनवाणी." तिच्या हाताजवळ दगडांच्या सांध्यातून पिंपळाचं रोप वर आलं होतं. तिने ते बोटांनी चाचपलं. "हे तवा न्हवतं," म्हणाली. मला पहिला मुद्दा मिळाला. जे तेव्हा नव्हतं ते नव्हतं, हे तिला कळत होतं.

कपिलतीर्थाच्या मंडईत मी एका भाजीवालीला विचारलं, "मावशी, इथं पूर्वी तळं होतं का हो?"

तिने शेजारणीला हाक मारली. "आगं बग, तीर्थात हुबं राहून तीर्थ कुठाय इचारतंय हे पावणं!" दोघी एवढ्या मोठ्याने हसल्या की पलीकडच्या कांद्यावाल्यानेही मान वर केली. आई त्यांच्यात सामील झाली. "कारखान्यात असतोय," ती म्हणाली, जसं काही त्याने सगळा खुलासा होत होता.

पुढे मैदान आलं. मोठं, खोलगट, चारी बाजूंनी रस्ते उंच. पोरं फुटबॉल खेळत होती. आई कडेच्या एका जागी थांबली आणि पायाने जमीन घासत म्हणाली, "हितं पायऱ्या. वरच्या पायरीवर बाया धुनं धुवायच्या, खालच्या पायरीवर आमी पोरी भांडी घासायचो."

पायऱ्या कुठेच दिसत नव्हत्या. मी जवळच्या तालमीच्या कट्ट्यावर बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना विचारलं. त्यांनी आधी आईकडे नीट पाहिलं.

"आजी बराबर सांगाय लागल्यात. पायऱ्या हाईत, मातीखाली. पावसाळ्यात या पावणं. जोराचा पाऊस झाला की तळं आपलं आपण परत येतंय. कुणाला इचारत न्हाय."

येताना आई कॅरिअरवर एका अंगाला बसली, सीटच्या स्प्रिंगा धरून. मी पायडल मारत होतो आणि फार दिवसांनी छातीवरचं काहीतरी हललं होतं. तळ्यात फुटबॉल खेळतात, हे शब्दशः खरं होतं. आमचं गावच असं आहे. गंगावेशीत वेस नाही, कपिलतीर्थात पाण्याचा थेंब नाही, आणि तरी कुणी पत्ता सांगताना चाचरत नाही. जे नाहीसं झालं त्याच्या नावाने इथे माणसं खुशाल भाजी आणतात. डॉक्टर इथले असते तर त्यांनी आईला पुढचा प्रश्न विचारला असता, कोण जिंकलं म्हणून.

पण एका मालावरून साठा बरोबर धरत नाहीत. आम्ही रविवारमागून रविवार हिंडलो. तिने सांगितलं, अमुक गल्लीच्या तोंडाशी दगडी हौद आहे. होता, त्यात माती भरून कुणी तुळस आणि झेंडू लावला होता. तिने सांगितलं, पाण्याच्या खजिन्याचा दगड भर उन्हातही गार लागतो. ते उंच दगडी बांधकाम मी लांबून कैकदा पाहिलं होतं. तिथून जुन्या काळी गावाला पाणी वाटलं जायचं, हे त्या दिवशी कळलं. हात लावून पाहिला. गार होता. खरं सांगायचं तर मला आता तपासणीचा विसर पडू लागला होता. मी चाळिशी ओलांडलेला माणूस, घर ते एस.टी. स्टँड आणि स्टँड ते घर एवढंच कोल्हापूर मला ठाऊक होतं. आता मला झाडं दिसायला लागली. एका शाळेच्या आवारातल्या बकुळीखाली आई वाकायची आणि फुलं न बघता, जमिनीवरून हात फिरवत वेचायची.

रंकाळ्यावर गेलो तेव्हा थंडीतले पक्षी अजून होते. काळी अंगं, कपाळावर पांढरा टिळा. आई कठड्याला टेकून म्हणाली, "चांदवं आल्यात का बग. आवाज तर येतोय."

"समोरच आहेत की. शंभरएक असतील."

"आसतील," ती म्हणाली, आणि भलतीकडेच तोंड करून ऐकत राहिली.

पंचगंगेच्या घाटावर ती प्रत्येक पायरीवर आधी पाऊल फिरवायची, मग वजन टाकायची. मी हे पाहिलं. पाहिलं आणि वयाच्या खात्यात टाकून दिलं.

घाटावरून परतताना गंगावेशीत दुधाचा कट्टा लागतो. गवळी म्हशी घेऊन येतात, तिथेच धार काढतात आणि फेसाचा पेला गिऱ्हाइकाच्या हातात देतात. भोवती सगळे पैलवानी गडी. आई सायकलवरून उतरली आणि सरळ आत घुसली.

"आजी, घरी न्यायचंय का?" गवळ्याने विचारलं.

"घरी कशाला? हितं पितो. माझा बा मला खांद्यावर बसवून आणायचा हितं. भर पेला, फेसानं भरू नको. मी कोल्हापूरचीच हाय."

सगळा कट्टा हसला. एका पैलवानाने उठून तिला जागा दिली. तिने पेला एका दमात संपवला आणि ओठावर पांढरी मिशी घेऊन माझ्याकडे पाहिलं. "पी की. का तुला दूध पन तपासून पायजे?"

एवढं सगळं बरोबर निघत होतं. घोडं अडलं ते कासवापाशी.

कासवाचं तिने सांगितलं तेव्हा त्या दिवशीच्या गोंधळाचा उलगडा झाला, निदान तिच्या बाजूने. माहेरच्या गल्लीत एक विहीर होती. पाणी स्वच्छ राहावं म्हणून तिच्या वडिलांनी नदीवरून एक लहान कासव आणून त्यात सोडलं होतं. चार वर्षं ती तळ्यापर्यंतच जात होती, गल्लीत पाऊल टाकत नव्हती. "इकल्याल्या घराच्या दारात काय हुबं ऱ्हायाचं?" पण त्या सकाळी मंडईत कुणीतरी म्हणालं, जुन्या विहिरी बुजवणार आहेत. मग तिला राहवलं नाही. कासव बघायला म्हणून ती निघाली. गल्ली चिंचेपाशी सुरू होते. मोठी चिंच, रस्त्यावर सावली. सावली आली की डावीकडे वळायचं. सावली काही आली नाही. ती पुढं गेली, मागं आली, पुन्हा पुढं गेली, आणि मग विचारत सुटली.

चिंचेचा तपास लागायला वेळ लागला नाही. चौकातला चहावाला म्हणाला, "हुती की. रस्ता मोठा करताना गेली, दिवाळीच्या आदी. माझा गाडा तिच्याच सावलीत असायचा. आता बगा, डोस्कं तापतंय." त्याने पायाने जागा दाखवली. डांबराला तिथे थोडा उंचवटा होता.

म्हणजे चिंचच चुकली होती. आईचं म्हणणं इथेही खरं.

पण तिथून डावीकडे दोन गल्ल्या फुटतात आणि त्यांतली कोणती, हे आईला सांगता येईना. घरं वर चढली होती, अंगणं आत गेली होती. ती डोळे बारीक करून उभी राहिली आणि म्हणाली, "समदं सारखंच दिसतंय. आज नगं." तिचा आवाज मला आवडला नाही. मी तिला घरी सोडलं आणि दुपारी एकटा परत गेलो.

दोन्ही गल्ल्यांतली दारं मी वाजवली. "नमस्कार. इथे एखादी जुनी विहीर आहे का?"

"न्हाय बा."

"मागच्या बाजूला वगैरे?"

"इहीरच न्हवती कदी हितं."

"कासव असलेली?"

यावर एक माणूस माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. "कासव?" तो म्हणाला. "पावणं, घरी सगळं बरं हाय न्हवं?"

पुढच्या रविवारी पुन्हा गेलो. तीच उत्तरं. एका बाईने तर मी येताना पाहून दारच लावून घेतलं.

तो आठवडा वाईट गेला. आईचं एकही म्हणणं खोटं निघालं नव्हतं, पण ही विहीर तिच्या बापाची, तिच्या रोजच्या पाण्याची होती. तीच तिने मनाने रचली असेल, तर बाकीचं बरोबर निघणं हा नुसता योगायोग ठरत होता. दादाचा फोन आला. पुढच्या रविवारी येतो म्हणाला. बायकोने आईची पातळं इस्त्रीला दिली आणि मग स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी वाजवत राहिली. रात्री मला म्हणाली, "एका कासवावर कशाला अडून बसलाय? त्या मला स्वयंपाकाला मदत करतात, नातवाला कोडी घालून हरवतात. मी नाही जाऊ देणार."

"तू नाही म्हणून कसं चालेल? उद्या रस्त्यावर काही झालं तर?"

तिने दिवा मालवला.

दादा रविवारी दुपारी पोहोचणार होता. सकाळी उठलो तर आई तयार. जरीकाठाचं पातळ, हातात ओल्या नारळाची पिशवी. कॉटखालच्या चपला पायात.

"चल. तुझी सायकल काढ."

"कुठं?"

"माझ्या गल्लीत. दोनदा जाऊन मोकळा आलास. तुला न्हाय जमायचं ते."

चिंचेच्या उंचवट्यापाशी आई थांबली. पहिल्या गल्लीच्या तोंडाशी गेली, दहाएक पावलं आत चालली, परत आली. दुसऱ्या गल्लीत शिरली आणि चालतच राहिली. "चढ हाय," म्हणाली. "घागर घिऊन येताना हितं दम लागायचा." मला तो चढ जाणवलासुद्धा नव्हता. मग तिने एका दाराची कडी वाजवली. हे तेच दार, जे माझ्या तोंडावर लावलं गेलं होतं.

बाईने दार अर्धं उघडलं.

"मी ह्या गल्लीची लेक," आई म्हणाली.

"कुनाच्या घरातली?"

"कोपऱ्यावरचं उंच जोत्याचं घर. दारात पारिजात हुता. माझं लगीन झालं तवा मांडव ह्या तुमच्या दारापातूर आल्ता."

दार पूर्ण उघडलं. बाईने मागे वळून हाक मारली, "अहो, ऐकलं का? आत्या आल्यात! उंच जोत्याच्या घरातल्या आत्या!" आणि आईच्या पाया पडायला वाकली. गल्लीची लेक म्हणजे गल्लीतल्या सगळ्यांची आत्या, मग तिला कुणी पाहिलेलं असो वा नसो. शेजारच्या दोन दारांतून बाया आल्या. कुणी पाणी आणलं, कुणी घडीची खुर्ची. मी सायकल धरून बाहेरच उभा होतो, तेवढ्यात आतून घरमालक आले. मला बघून ते दचकले.

"आयला, हे तर म्हापालिकेचं पावणं!"

"माझा धाकटा ल्योक हाय," आई म्हणाली.

"आपला भाऊच म्हणायचं की मग!" त्यांनी कपाळाला हात लावला. "आवो, खिशाला पेन, काखंत पिशवी, दार वाजवून इहीर हाय का इचारायचं. आमाला वाटलं बुजवायची नोंद करायला आलाय. आमी सगळ्या गल्लीला सांगून ठिवलं, कुनी इचारलं तर इहीर न्हवतीच म्हणायचं. तुमी तर कासव पन इचारलासा. आमी म्हटलं, म्हापालिकेला कासवाचं पन कळलं!"

बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. मला मात्र पुढचं ऐकायचं होतं. "म्हणजे आहे?"

"हाय की. या."

मागच्या अंगणात धुण्याच्या दगडापलीकडे विहीर होती. काळ्या दगडात बांधलेली, वर लोखंडी जाळी, रहाटाचे दोन खांब. कठड्याच्या फटीतून नेचे लोंबत होते. आई कठड्याशी गेली, दोन्ही हात दगडावर पसरून उभी राहिली. घरमालकांनी जाळीचं झाकण उचललं. त्यांच्या बायकोने भाताची मूठ आईच्या हातात दिली. आईने भात खाली टाकला.

पाणी हललं नाही. मग तळाच्या काळोखातून एक हिरवट, ताटाएवढं काहीतरी सावकाश वर आलं, मान बाहेर काढली आणि भात खाऊ लागलं.

"आलं का रं?" आईने विचारलं.

ती वाकून थेट त्याच्याकडे बघत होती. कासव तिच्या नजरेच्या रेषेत होतं, वर ऊन पडलं होतं. आणि ती मला विचारत होती, आलं का.

त्या क्षणी बाकी सगळं माझ्या डोक्यात एका रांगेत बसलं. रेनकोट, मीठ, चांदवे, घाटाच्या पायऱ्या, हाताने चाचपून वेचलेली बकुळ. "आई," मी विचारलं, "तुला ते दिसत नाही?"

"धुकं हाय म्हणून," ती म्हणाली. "ह्या गावात आजकाल लई धुकं."

सकाळचे दहा वाजून गेले होते. लख्ख ऊन होतं. मी हसायला लागलो आणि मला थांबता येईना. घरमालकांना वाटलं, ह्याचंच काहीतरी बिघडलंय. कासव पन्नास वर्षांपूर्वीचं तेच होतं का, हे मी सांगू शकत नाही. घरमालक म्हणाले, त्यांच्या आजोबांपासून आहे. एवढ्यावर मी सही करणार नाही. पण आईच्या साठ्यात घट नव्हती, यावर मी त्याच अंगणात मनातल्या मनात सही केली. निघताना गल्लीने तिची पिशवी नारळासकट परत भरून दिली. वर खण, तांदूळ आणि गुळाचा खडा.

दादा घरी येऊन बसला होता. आईच त्याला म्हणाली, "उशीर झाला बाबा. माहेरी गेलतो." त्याने घाबरून माझ्याकडे पाहिलं. मी त्याला गॅलरीत नेऊन सगळं सांगितलं. तो कठड्याला टेकला. मग म्हणाला, "म्हणजे नुसता मोतीबिंदू?" आणि त्याचा चेहरा एकदम लहानपणीसारखा झाला.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, आईला पुन्हा तपासलं, आणि आधी डोळे दाखवून घ्या म्हणाले. दोन्ही डोळ्यांचा मोतीबिंदू पिकला होता. चष्मा लागेल हे तिने कबूल केलं, पण मला म्हणाली, "त्या डाक्टरला एकदा फुटबॉल दाखवून आण." डॉक्टर नंतर खरंच माझ्याबरोबर एका रविवारी हिंडले. त्यांना सर्वांत जास्त दूधकट्टा आवडला.

ऑपरेशननंतर पट्टी सुटल्यावर आईने आधी माझ्या बायकोकडे पाहिलं. "वाळलीस की गं," म्हणाली. मग वर पाहिलं. "आणि कोळिष्टकं किती ही!" बायको म्हणाली, धुकंच बरं होतं.

पुण्याला ती गेली, पण पाहुणी म्हणून, आणि पंधरा दिवसांत परत आली. "तिसऱ्या मजल्यावरनं नुसतं दुसऱ्याचं तिसरं मजलं दिसत्यात," एवढंच म्हणाली. तिच्या चपला पुन्हा दारात आल्या. ती पूर्वीसारखी एकटी फिरायला जाऊ लागली आणि रविवारी मी बरोबर असायचो. मला गरज होती म्हणून, तिला नव्हती.

दोन हजार पाचच्या पावसाळ्यात नदी गावात आली. आमच्या बाजूला पाणी चढलं नाही, पण फार वाईट दिवस होते. पाणी उतरल्यावर एका सकाळी उघडीप मिळाली. मी पेपर वाचत होतो. दादाचा फोन आला. पुराच्या बातम्या बघून तो रोज करायचा.

"सगळे ठीक?"

"ठीक."

"आई कुठं आहे?"

दारात पाहिलं तर चपला नव्हत्या. मैदानात पाणी साचलंय, पायऱ्यांच्या जागेपर्यंत आलंय, हे भाजीवाली काल सांगत होती.

"तळ्यावर गेली आहे," मी म्हणालो.

"बरं," दादा म्हणाला. "छत्री नेलीय ना?"